चालता सर्व्हर थांबविण्याची रीत

संध्याकाळी पोस्टाची खिडकी बंद होताना आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. वेळ झाली की शिपाई दारापाशी जाऊन उभा राहतो आणि नव्या माणसास आत घेत नाही. आत जे रांगेत आहेत त्यांचे काम मात्र होते. खिडकीतला कारकून शेवटची पावती देतो, रोकड मोजतो, वहीतील बेरजेशी ताडून पाहतो, आणि मगच फळी खाली येते. ह्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. परंतु बचत खात्यात भरावयाचे पैसे हातात घेतल्यावर आणि पावती लिहिण्यापूर्वी हा कारकून खुर्चीवरून एकाएकी अदृश्य झाला तर? बाहेर उभ्या असलेल्या माणसास आपले पैसे जमा झाले की नाही हे कळावयास मार्ग उरत नाही. पुन्हा भरावे तर दोनदा जातील. न भरावे तर कदाचित एकदाही गेलेले नसतील. आज ज्या रीतीचा इतिहास मला सांगावयाचा आहे, ती सारी ह्या एका क्षणातून निघाली आहे.

सर्व्हर हा शब्द आता आपल्या घरचा झाला आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य बँकेत, रेशनच्या दुकानात आणि तलाठ्याच्या कचेरीत आपण सर्वांनी ऐकले आहे. पुष्कळांची समजूत अशी की सर्व्हर म्हणजे कोठेतरी थंड खोलीत ठेवलेले मोठे यंत्र. यंत्रासही तसे म्हणतात खरे. पण येथे मला अभिप्रेत आहे तो त्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम. तो एका ठरलेल्या क्रमांकाच्या खिडकीवर, म्हणजे पोर्टवर, कान देऊन बसलेला असतो. दूरवरून कोणी हाक मारली की तो जोडणी स्वीकारतो, मागणे ऐकतो आणि उत्तर देतो. त्याच्यापुढे एका वेळी एक नव्हे, शेकडो माणसे उभी असतात, आणि प्रत्येकाचे काम निराळ्या टप्प्यावर असते. हा प्रोग्रॅम सुरू कसा करावा हे पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असते. तो बंद कसा करावा हे बहुधा शेवटच्या प्रकरणात असते, आणि तेथवर वाचणारे थोडे.

संगणकांच्या जाळ्याचा आरंभच मुळी एका अवेळी झालेल्या अंताने झाला. 1969 सालच्या 29 ऑक्टोबरच्या रात्री लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाशी आर्पानेटवरून पहिली जोडणी करण्याचा प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. एल गेला, ओ गेला, आणि पलीकडचा संगणक कोसळला. थोड्या वेळाने दुरुस्ती होऊन काम पुढे गेले, पण जाळ्यावरून गेलेला पहिला निरोप दोन अक्षरांचा राहिला. ह्या प्रसंगाचे लोक कौतुक करतात. मला त्यात पुढच्या अर्ध्या शतकाची डोकेदुखी दिसते.

त्याच साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्सची मांडणी आरंभिली. चालता प्रोग्रॅम थांबविण्यासाठी युनिक्समध्ये जी आज्ञा आहे तिचे नाव ‘किल’, म्हणजे ठार मार. नाव रांगडे आहे, आणि प्रथम कामही तसेच होते. 1975 सालच्या सहाव्या आवृत्तीत ही आज्ञा नुसती दिली की 9 क्रमांकाचा संकेत जात असे. हा संकेत प्रोग्रॅमला ऐकूही येत नाही. तो प्रोग्रॅमला नव्हे, संगणकाच्या मूळ व्यवस्थेला असतो, आणि ती व्यवस्था त्याला जागच्या जागी संपविते. मग 1979 च्या जानेवारीत सातवी आवृत्ती आली. तिच्यात 15 क्रमांकाचा एक नवा संकेत होता, ‘सिगटर्म’ नावाचा, आणि नुसती ‘किल’ आज्ञा दिल्यास आता 9 ऐवजी 15 जाऊ लागला. हा संकेत प्रोग्रॅमला पकडता येतो. ‘आता आटोपते घ्या’ असा त्याचा अर्थ. ऐकणाऱ्याने हातातले काम संपवावे, वह्या मिटाव्या आणि आपण होऊन उठावे. ऐकले नाहीच, तर 9 आहेच.

एका आकड्याचा हा बदल ग्रंथांत ओळभर जागाही व्यापत नाही. पण माझ्या मते ह्या इतिहासातील पहिला मोठा टप्पा तोच. मारण्याऐवजी सांगणे ही रीत झाली, आणि मारणे हा अपवाद.

संकेतांच्या यादीत 1 क्रमांकाचा संकेत आहे ‘सिगहप’. टेलिफोन ठेवून दिला असा त्याचा अर्थ. त्या काळी माणूस दूरच्या संगणकाशी टेलिफोनच्या तारेवरून बोलत असे, आणि तार तुटली की त्याने चालू केलेल्या प्रोग्रॅमांना हा संकेत जाई. आपल्याकडे हे अनुभवास यावयास 1995 साल उजाडले. त्या वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमाने मुंबईसह महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. स्वस्तातले खाते घेणाऱ्यांना केवळ अक्षरांचा पडदा मिळे, आणि त्यामागे युनिक्सच असे. अर्धे पत्र लिहून झाले असताना घरात कोणी शेजारच्या खोलीतला फोन उचलला की सारे संपले. बिचाऱ्या प्रोग्रॅमला पलीकडे जो निरोप मिळे तो हा 1 क्रमांकाचा. सर्व्हर प्रोग्रॅमांना कोणाचाही टेलिफोन नसल्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा संकेत निरुपयोगी ठरला, आणि मोकळा पडलेला संकेत म्हणून पुढे त्याला ‘आपले नियमपुस्तक पुन्हा वाचा’ असा निराळाच अर्थ देण्यात आला. जुन्या वाड्यातील घोड्याच्या पागेत किराणा दुकान निघावे, तसे हे.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. त्या दशकाच्या अखेरीस मी एका संस्थेच्या संगणक खात्यात नोकरीस होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक माझी होती. गावातील चार-पाच ठिकाणी बिले भरण्याच्या खिडक्या होत्या आणि त्या सर्व एका सर्व्हरशी जोडलेल्या होत्या. एका संध्याकाळी तो मंदावला. मी 15 क्रमांकाचा संकेत दिला. अर्धे मिनिट काही झाले नाही. बाहेर रांगा, फोनवर ओरडा. मी 9 दिला आणि लगेच पुन्हा सुरू करू लागलो, तो ‘पत्ता वापरात आहे’ असा शेरा येऊन सर्व्हर उठेना. चार-पाच मिनिटांनी आपोआप उठला, आणि मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी हिशेब जुळेना. काही माणसांचे पैसे घेतले होते, पावती दिली होती, पण नोंद नव्हती. काहींची नोंद होती आणि हातात पावती नव्हती. ह्या दुसऱ्या प्रकारातील एक आजोबा आदल्या संध्याकाळीच पुन्हा रांगेत उभे राहून दुसऱ्यांदा पैसे भरून गेले होते. ते तक्रार करावयास आले नव्हते. आपले बिल एकदाचे भरले गेले ना, एवढेच विचारावयास आले होते. त्यांचे जादा पैसे परत मिळावयास किती महिने लागले ते मी येथे सांगत नाही.

मला पुढे कळले ते असे की तो सर्व्हर 15 ला उत्तर देत नव्हता असे नाही. तो खरोखरच आटोपते घेत होता, आणि मी अर्ध्या मिनिटात धीर सोडला. परंतु त्याहून खोल गोष्ट निराळी होती. ती समजण्यासाठी दोन संगणकांतील संभाषण कसे संपते ते पाहिले पाहिजे.

व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान ह्यांनी 1974 च्या मे महिन्यात जाळ्यांच्या परस्पर संपर्काविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून आजचे टीसीपी निघाले. त्याचे व्यवस्थित रूप जॉन पोस्टेल ह्यांनी संपादिलेल्या 1981 सालच्या सप्टेंबरातील मसुद्यात आहे. त्या मसुद्यातील जोडणी संपविण्याचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. जोडणीला दोन बाजू आहेत आणि प्रत्येक बाजू निरनिराळी मिटावयाची आहे. एकाने ‘फिन’ पाठविले म्हणजे ‘माझे बोलणे संपले’ एवढेच तो सांगतो. ऐकणे संपले असे नव्हे. दुसरा पोच देतो, आपले उरलेले बोलतो, मग आपले ‘फिन’ पाठवितो, आणि पहिला त्याची पोच देतो. आपल्याकडे पाहुणा ‘येतो’ म्हणून उठतो, यजमान ‘या’ म्हणतो, आणि त्यानंतर दारात अर्धा तास बोलणे होते, त्याची येथे आठवण व्हावी.

आता प्रश्न असा की शेवटची पोच पोचली हे कसे कळावे? ती वाटेत हरवली तर? तिचीही पोच मागावी, तर त्या पोचेची पोच कोण देणार? 1975 साली अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर ह्या तिघांनी हा पेच मांडला. त्यांच्या दृष्टांतात दोन ठिकाणी दबा धरून बसलेल्या गुंडांच्या टोळ्या होत्या. पुढे 1978 साली जिम ग्रे ह्यांनी टोळ्यांचे दोन सेनापती केले आणि त्याच नावाने तो पेच प्रसिद्ध झाला. दोन टेकड्यांवर दोन फौजा आहेत. एकदम हल्ला केला तर जय, एकट्याने केला तर नाश. मधल्या दरीतून जासूद पाठवावयाचा, आणि तो पकडला जाण्याचा संभव नेहमीच. ‘उद्या पहाटे’ असा निरोप गेला, ‘ठीक’ असे उत्तर आले. पण उत्तर पाठविणाऱ्यास ते पोचल्याची खात्री नाही, म्हणून तो थांबणार, आणि तो थांबेल ह्या भीतीने पहिलाही थांबणार. कितीही जासूद धाडा, दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही. हे युक्तीचे न्यून नव्हे. अशी युक्ती असूच शकत नाही हे सिद्ध झालेले आहे.

टीसीपीच्या कर्त्यांनी ह्यावर व्यवहारी तोड काढली. ज्याने प्रथम निरोप घेतला त्याने शेवटची पोच दिल्यावर लगेच निघून न जाता काही काळ दारात उभे राहावे. पोच हरवली तर पलीकडचा पुन्हा हाक मारील, आणि त्यास उत्तर द्यावयास कोणीतरी असावे. एक निरोप जाळ्यात जास्तीत जास्त दोन मिनिटे भटकत राहू शकतो असे गृहीत धरून, त्याच्या दुप्पट, म्हणजे चार मिनिटे, असा हा काळ ठरविला. पुढे अनेकांनी तो कमी केला. त्या संध्याकाळी ‘पत्ता वापरात आहे’ असा जो शेरा मला छळीत होता तो ह्या उभे राहण्याचाच होता. सर्व्हर मी मारला होता. पण मूळ व्यवस्था त्याच्या वतीने सर्वांचा रीतसर निरोप घेत दारात उभी होती. नवा सर्व्हर उठविताना तिला ‘असू द्या, मला बसू द्या’ असे सांगण्याची सोय आहे. आमच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ लिहिलेली नव्हती.

‘त्याच्या वतीने’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. प्रोग्रॅम 9 च्या संकेताने मेला तरी मूळ व्यवस्था पलीकडे बहुधा साधे ‘फिन’च पाठविते. पलीकडच्यास वाटते, बोलणे संपले. वस्तुतः बोलणारा वाक्याच्या मध्यावर मेलेला असतो. म्हणजे ‘फिन’ हे अक्षरे संपल्याची खूण आहे, काम संपल्याची नव्हे. वेबच्या पहिल्या वर्षांत हा घोटाळा सर्रास होता. एचटीटीपीच्या 1.0 ह्या आवृत्तीत, उत्तर किती लांब आहे हे न सांगता ते पाठवून जोडणी बंद केली की उत्तर पुरे झाले असे मानीत. अर्धे पान येऊन सर्व्हर मेला तर ते अर्धेच पान पुरे दिसे. 1997 च्या जानेवारीत 1.1 ही आवृत्ती आली. तिच्यात एकच जोडणी अनेक मागण्यांसाठी उघडी ठेवण्याची रीत सर्वसाधारण झाली, आणि त्यासाठी उत्तराची लांबी आधी सांगणे किंवा ते मोजून तुकड्यातुकड्यांनी पाठविणे भाग पडले. तेव्हा कोठे अर्धे आणि पुरे ह्यांतील भेद वाचणाऱ्यास कळू लागला.

उलट दिशेचीही एक खोड होती. पलीकडून आलेले सर्व न वाचताच सर्व्हरने जोडणी मिटली तर, 1989 सालच्या नियमाप्रमाणे, ‘फिन’ऐवजी ‘रीसेट’ हा तुटकपणाचा संकेत जातो. तो पोचला की पलीकडचा संगणक, आधी नीट पोचलेले पण अद्याप न वाचलेले उत्तरही टाकून देऊ शकतो. सर्व्हरने काम केले, उत्तर दिले, आणि ते उत्तर ऐन दारात नष्ट झाले! अपाचे हा सर्व्हर 1995 पासून लोकांच्या हाती आला. त्याच्या कर्त्यांनी ह्यावर रेंगाळत मिटण्याची रीत बसविली. प्रथम आपले बोलणे संपल्याचे सांगावे, आणि मग पलीकडचा गप्प होईपर्यंत, जास्तीत जास्त 30 सेकंद, नुसते ऐकत राहावे. अर्धीच बाजू मिटण्याची जी सोय ह्यास लागते ती बर्कलीच्या युनिक्समध्ये 1983 पासून होती.

अपाचेनेच सौम्यपणे पुन्हा सुरू होण्याची रीत रूढ केली: मुख्य प्रोग्रॅमने मदतनिसांना ‘हातातले संपवा आणि जा’ म्हणावे, आणि त्यांच्या जागी नवे उभे करावे. सौम्यपणे कायमचे थांबण्याची आज्ञा मात्र 2005 च्या अखेरीस, 2.2 ह्या आवृत्तीत आली. तोवर मोकळे संकेत इतके थोडे उरले होते की तिच्यासाठी खिडकीचा आकार बदलल्याचा संकेत वापरावा लागला! इगोर सिसोएव ह्यांच्या 2004 सालच्या एन्जिनएक्समध्ये आणखी एक विपरीत पाहावयास मिळते. त्यात आणि अपाचेत 15 चा अर्थ ‘तत्काळ थांबा’ असा आहे. सातव्या आवृत्तीने जो संकेत अदबीसाठी योजला तोच येथे घाईचा झाला, आणि सौम्य थांबण्यास निराळा संकेत द्यावा लागतो. नवशिके ह्यात हमखास फसतात. मी जुना असूनही फसलो आहे.

परंतु आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नव्हते. माझे काम तुम्ही घेतले होते की नाही, हा तो प्रश्न. ह्यासाठी आपल्याच देशातील एक रीत आठवावी. मतदानाची वेळ संपली की केंद्राध्यक्ष रांगेतील लोकांस आपल्या सहीच्या चिठ्ठ्या देतो, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून द्यावयास आरंभ करतो. पहिल्यापासून आरंभ केला तर तो पुढे सरकेपर्यंत मागे नवी माणसे जोडली जातील. शेवट आधी ठरला की प्रश्न मिटला: चिठ्ठी आहे त्याचे मत घेतले जाणार, नाही त्याने घरी जावे. 2015 च्या मे महिन्यात एचटीटीपीची दुसरी आवृत्ती प्रमाणित झाली. तिच्यातील ‘गो-अवे’ नावाचा निरोप हेच करतो. एका जोडणीवरील प्रत्येक मागणीस क्रमांक असतो. थांबू इच्छिणारा सर्व्हर सांगतो, ‘अमुक क्रमांकापर्यंतचे मी हाती घेतले असेल, त्यापुढचे मुळीच घेतलेले नाही.’ पुढच्या क्रमांकाच्या माणसाने निःशंकपणे दुसरीकडे जावे, त्याचे काम दोनदा होण्याची भीती नाही. वाटेत असलेल्या मागण्यांची अडचण उरतेच. म्हणून प्रथम ‘बंद होत आहे’ एवढीच सूचना सर्वांत मोठा क्रमांक घालून द्यावी, थोडे थांबावे, आणि मग खरा क्रमांक सांगावा, अशी दुहेरी रीतही तेथेच दिली आहे. शिपायाने आधी दारात येऊन उभे राहण्यासारखेच हे.

आज मोठ्या संस्थांचे सर्व्हर दिवसातून अनेकदा थांबतात आणि उठतात, आणि हे काम माणूस करीत नाही. 2014 साली गूगलने लोकार्पण केलेली कुबेरनेटीस ही व्यवस्था सर्व्हरला 15 देते, मुद्दाम निराळे सांगितले नसेल तर 30 सेकंद वाट पाहते, आणि मग 9 देते. माझ्या अर्ध्या मिनिटाच्या धीराला अशा रीतीने शास्त्राधार मिळाला, असे मी मित्रांना गमतीने सांगतो. तीतही एक मेख आहे. सर्व्हरला ‘थांब’ म्हणणे आणि गावाला ‘ह्याच्याकडे जाऊ नका’ म्हणणे ह्या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, आणि दुसरीस वेळ अधिक लागतो. त्यामुळे संकेत मिळताच दार लावणारा आज्ञाधारक सर्व्हर नव्याने येणाऱ्यांना बंद दारावर आपटवितो. म्हणून जाणते लोक संकेत मिळाल्यावरही काही सेकंद दार उघडेच ठेवतात.

ह्या सर्व उपचारांना विरोध करणारा एक पक्ष आहे, आणि तो पोरकट नव्हे. 2003 साली स्टॅनफर्डचे जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स ह्यांनी असे प्रतिपादन केले की प्रोग्रॅमला सभ्यपणे थांबण्याची सोयच ठेवू नये. थांबविणे म्हणजे मारणे, आणि सुरू करणे म्हणजे अपघातातून सावरणे, एवढेच असावे. वीज जाणार, यंत्र जळणार, तेव्हा 15 कोण देणार? मृत्यूतून सावरण्याची वाट रोज वापरात असली तरच ती संकटाच्या दिवशी चालेल. एरवी वर्षातून एकदा उघडावयाच्या दाराची बिजागरी गंजलेलीच मिळावयाची. माझ्या त्या संध्याकाळच्या बाबतीत हा आक्षेप अक्षरशः लागू पडतो. तो सर्व्हर नोंदी स्मरणात साठवून मग एकदम वहीत लिहीत असे. पावती देण्यापूर्वीच नोंद वहीत पक्की करण्याची शिस्त त्यास असती, तर निदान पावती आहे पण नोंद नाही हा प्रकार 9 देऊनही घडला नसता. तथापि दुसऱ्या प्रकारास, म्हणजे नोंद आहे पण पावती नाही ह्यास, ती शिस्तही पुरत नाही. तेथे सेनापतींचा पेच आडवा येतो.

त्यावर आताशा जी तोड वापरतात ती सर्व्हरकडे नव्हे, मागणाऱ्याकडे आहे. पैसे भरणारा आपल्या मागणीस स्वतःच एक क्रमांक घालतो आणि उत्तर न मिळाल्यास तीच मागणी त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवितो. सर्व्हर मारला गेला असो की रीतसर उठून गेला असो, नंतर उठलेला सर्व्हर आपली वही उघडून तो क्रमांक शोधतो. सापडला तर पैसे न घेता जुनीच पावती पुन्हा देतो. न सापडला तर पैसे घेतो आणि क्रमांक लिहून ठेवतो. आमच्या खिडकीवर असे काही असते, तर आजोबा दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले तेव्हाच कारकुनाने त्यांचे पैसे परत सरकवून त्यांच्या हाती पावती ठेवली असती.